गुरुवार, तीन ते पाच

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस महिला भरतकाम मंडळात कसा शिरला, हे मला नीट सांगता येईल, कारण त्याला आत घेणारी मीच. पुढे तो स्वतःहून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हाताला काम देणारीही मीच.

मी वाचनालयात नोकरीला आहे. खाली वाचनकक्ष, मागे पुस्तकांची कपाटं आणि वर एक लांबट खोली. त्या खोलीत दर गुरुवारी तीन ते पाच मंडळ बसतं. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही वर जाऊन बसते. माझं भरतकाम असं की मंडळाच्या प्रमुख बाई ते हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि यातली सुलट बाजू कुठली म्हणून मलाच विचारतात. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्या खोलीत आल्या की आम्ही अजूनही पाठ ताठ करतो.

मंडळात आम्ही नऊजणी. त्यात काकू सगळ्यांत जुन्या, अगदी बाईंच्या बरोबरीच्या. त्यांचं भरतकाम बेताचंच, पण त्या आल्या नाहीत तर गुरुवार अळणी जायचा. काकूंना नकला येतात. दंतवैद्याची, भाजीवालीची, स्वतःच्या व्याह्यांची. पण सगळ्यांत गाजलेली नक्कल म्हणजे ‘आमचे हे’. आधी दोनदा खाकरायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्या वस्तूकडे ती आरोपी असल्यासारखं बघायचं आणि म्हणायचं, ‘मुळात काय आहे...’ एवढ्यावरच आमच्या सुया थांबायच्या.

ते ‘हे’ टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. जमिनीखालच्या केबली जोडणारा माणूस. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, खड्ड्यात उतरायचं, तुटलेल्या केबलीतल्या केसासारख्या शेकडो तारा रंग ओळखून एकमेकींना जोडायच्या आणि संध्याकाळी मातकट होऊन वर यायचं. छत्तीस वर्षं हेच. शहरात कुणाचा फोन बंद पडला तरी काका खड्ड्यात आणि काकू घरात. दोन मुली वाढल्या, शिकल्या, लग्न होऊन गेल्या. काकू म्हणायच्या, आमचा संसार उत्तम झाला, कारण मधे रस्ता होता.

मग काका निवृत्त झाले आणि रस्ता संपला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. काकूंना डोळे मिटूनही डबे सापडायचे, आता उघडे ठेवूनही सापडेनात, कारण डबे नव्या क्रमाने लावले होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरातलं वायरिंग ‘जरा सुटसुटीत’ केलं. त्यानंतर बैठकीतलं बटण दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागायचा. मुलगी माहेरी आली तेव्हा तिला हे कळायला दोन दिवस लागले, तोवर ती अंधारात आंघोळ करत होती. काका माणूस सज्जन. आवाज चढवणं नाही, कसलं व्यसन नाही, कुणाला टाकून बोलणं नाही. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट होती तशी राहू देणं जमत नाही. काकू हे सगळं मुकाट्याने बघायच्या आणि गुरुवारी आमच्याकडे येऊन मोकळ्या व्हायच्या. त्या काळात ‘आमचे हे’ इतकी रंगायची की जुळ्यांच्या आईने एकदा हसता हसता भरतकाम स्वतःच्या साडीलाच टाचून घेतलं.

जुळ्यांची आई म्हणजे आमच्यातली सर्वांत धाकटी. मनाने निर्मळ आणि जिभेने सैल. तिचा पुढे संबंध येणार आहे.

एका गुरुवारी काकूंचा गुडघा दुखत होता, म्हणून काकांनी त्यांना स्कूटरवर आणलं. काकू जिना चढून वर आल्या. काका घरी परत जातील अशी सगळ्यांची समजूत होती. पण अर्ध्या तासाने मी पाणी आणायला खाली निघाले तर काका जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसलेले. म्हटलं, काका, इथे का? तर म्हणाले, दोन तासांसाठी जाऊन परत यायचं म्हणजे पेट्रोलची नासाडी. मी म्हटलं, मग वाचनकक्षात बसा. तर तिथलं वर्तमानपत्र त्यांनी घरून वाचून आणलं होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक. पायरीवर वयस्कर माणूस बसवून आपण पंख्याखाली बसायचं हे बरं दिसेना. मी त्यांना म्हटलं, वर या.

काका आले, दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले आणि पंधरा मिनिटं खरोखर काही बोलले नाहीत. तेवढ्यात बाईंची सुई ओवेना. धागा जिभेला लावून झाला, खिडकीकडे तोंड करून झालं. काका उठले, हात पुढे केला, सुई घेतली आणि एका झटक्यात ओवून परत दिली. चष्मा कपाळावरच होता. मग सगळ्यांच्याच सुया पुढे आल्या. आमच्यातल्या सहाजणींना चाळिशी लागून जमाना झाला होता, त्यामुळे ओवणं हा आमचा दर गुरुवारचा अर्धा तास होता. त्या दिवशी तो पाच मिनिटांत आटोपला. बाई म्हणाल्या, तुम्ही येत जा. काकूंनी मान वर केली नाही.

पुढच्या गुरुवारी काका पुन्हा आले, तिसऱ्या गुरुवारी बाईंनी त्यांच्या हातात रिंग आणि कापड दिलं. साखळी टाका घालायला सांगितला तर तो केबलीसारखा जाड आला. पण गाठीचा टाका घालायला लागले आणि बाई खुर्चीतून उठून बघायला आल्या. सुईला धागा दोनदा गुंडाळायचा, टोक खाली घालायचं, ओढायचं, बस. आमच्या गाठी काही मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. काकांच्या सगळ्या एका मापाच्या, जणू साच्यातून पाडल्या. छत्तीस वर्षं काळोख्या खड्ड्यात बोटांनी तारा पिळल्या होत्या, ती बोटं मऊ कापडावर नुसती सुटली होती.

प्रश्न आला तो पाटीचा. पाटीवर ‘महिला भरतकाम मंडळ’ होतं. मी हजेरीपटात काकांना ‘अतिथी’ लिहीत राहिले. सहा महिने.

त्या सहा महिन्यांत त्यांनी आमची धाग्यांची पेटी लावून दिली. इतकी वर्षं पेटीत सगळ्या लड्या एकत्र असायच्या आणि आम्ही हात घालून हवी ती ओढायचो. काकांनी पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि टेलिफोनच्या तारांचा असतो तसा क्रम लावला: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, करडा, आणि त्यांच्या पाच घराण्यांचे पाच प्रमुख, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. अतिशय शास्त्रशुद्ध काम. फक्त आम्हाला गुलाबी कुठे असेल ते कळेना, कारण टेलिफोनच्या तारांत गुलाबी नसतोच. दर खेपेला काकांना विचारावं लागे, आणि ते आनंदाने सांगत, ‘मुळात काय आहे’पासून.

हे सगळं चालू असताना जिल्हा रुग्णालयातली सिस्टर आमच्याकडे आली. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या वॉर्डातली. ती म्हणाली, बाळं काचेच्या पेटीत असतात, त्यांच्या डोळ्यांवर उजेड पडून चालत नाही, म्हणून पेटीवर जाड कापडाचं कव्हर लागतं. आम्ही जुन्या चादरी टाकतो. पण आया बाहेर काचेशी उभ्या असतात, त्यांना सगळ्या पेट्या सारख्या दिसतात. नंबर लावलेले आहेत, पण घाबरलेल्या माणसाला नंबर आठवत नाही. प्रत्येक कव्हरवर वेगळं चित्र असलं तर आईला लांबूनही कळेल, माझं बाळ पोपटाखाली आहे. अशी बारा कव्हरं तुम्ही कराल का?

नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. भांडण झालं ते चित्रांवरून. बाईंना घुबड हवं होतं, कारण घुबडाचा चेहरा भरायला सुंदर. केमिस्टची बायको म्हणाली, कुठल्या आईला आवडेल, माझं बाळ घुबडाखाली आहे म्हणायला? घुबड गेलं. मांजर आलं. काकांनी डायलचा टेलिफोन सुचवला, तर बाई म्हणाल्या, ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना हे काय आहे ते संग्रहालयात जाऊन विचारावं लागेल. शेवटी पोपट, हत्ती, छत्री, मासा, सूर्यफूल, आगबोट, असं करत बारा झाली. पोपट काकूंनी घेतला.

आणि साधारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की खोलीत फार शांतता असते.

काम जोरात होतं, गाठी सुबक पडत होत्या, पण हसू आलं नव्हतं कितीतरी दिवसांत. काकूंनी शेवटची नक्कल कधी केली होती ते आठवेना. करणार कशी? ‘आमचे हे’ दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले. त्यांच्यासमोर भाजीवालीची करायला लागल्या तर काका मध्येच सांगायचे, ती तसं नाही म्हणाली, तिने आधी वजन सांगितलं. काकू मग पोपटाच्या शेपटीत डोकं घालायच्या.

मग त्या चुकवायला लागल्या. एकदा गुडघा, एकदा पाहुणे, एकदा नळाचं काम. काका मात्र तीनला पाच कमी असताना हजर. विचारलं की म्हणायचे, तिला आज जरा बरं नाही. काळजी वाटून एका गुरुवारी मी चार वाजता मागचं कपाट लावायचं सोडून काकूंच्या घरी गेले. दार उघडलं. काकू बैठकीत दिवाणावर पाय पसरून पडल्या होत्या. हातात काही नाही, रेडिओ नाही, पुस्तक नाही. चेहरा एखाद्या सुट्टी लागलेल्या पोरीसारखा.

मी म्हटलं, गुडघा? त्या म्हणाल्या, ठणठणीत आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, “पूर्वी गुरुवारी मी घराबाहेर पडायचे. आता गुरुवारी ते घराबाहेर पडतात. हिशेब तोच आहे गं, फक्त तुम्ही सगळ्या त्यांच्या वाट्याला गेलात.”

चहा घेऊन मी परत आले. येताना बैठकीतलं बटण दाबून न्हाणीघराचा दिवा बंद करावा लागला.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. पण जुळ्यांची आई होती ना. पुढच्या गुरुवारी काकू नव्हत्याच. पोपट अर्धवट पडला होता, सिस्टरचा निरोप आला होता की लवकर द्या, आणि बाई काळजीत होत्या. काका म्हणाले, पोपट मी पुरा करतो. तर जुळ्यांची आई सहज बोलून गेली, नको काका, काकूच येऊ देत, त्यांच्याशिवाय मजा येत नाही, पूर्वी त्या तुमची काय नक्कल करायच्या, आम्ही हसून हसून मरायचो.

खोलीत कुणीतरी कात्री खाली ठेवली. काकांनी विचारलं, माझी? कशी करायची? ते खरंच कुतूहलाने विचारत होते. आणि जुळ्यांच्या आईने करून दाखवली. दोनदा खाकरली, चष्मा नव्हता म्हणून रिंग कपाळावर चढवली आणि म्हणाली, मुळात काय आहे. मग डबे, मग बटण, मग अंधारातली आंघोळ. काका आधी हसले, अगदी मनापासून. मग त्यांचा हात आपोआप कपाळावरच्या चष्म्याकडे गेला, तिथेच थबकला आणि त्यांनी तो चष्मा हळूच काढून खिशात ठेवला. हातातला टाका पुरा केला, धागा कापला, सुई उशीत खोचली आणि पाच वाजायच्या आधीच निघून गेले.

घरी काय झालं ते काकूंनी नंतर मला सांगितलं. काका आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं की गुरुवार तुझा होता का. काकू म्हणाल्या, हो. छत्तीस वर्षं तुम्ही खाली होतात आणि मी वर एकटी होते, मला त्याची सवय झाली. तुम्ही घरी आलात याचं वाईट वाटत नाही, पण दोन तास असे हवेत की जिथे कुणी माझं बरोबर करून देणार नाही.

“मग मला आधी सांगायचंस,” काका म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही वेळापत्रक केलं असतंत.”

काका उठले आणि बैठकीतलं बटण पहिल्यासारखं करायला घेतलं. ते काही त्या दिवशी जमलं नाही. दोन दिवस कुठलंच बटण दाबून काहीच लागत नव्हतं, पण काकू म्हणाल्या, भावना पोचल्या.

पुढच्या गुरुवारी काकू आल्या. काकांनी त्यांना फाटकाशी सोडलं, वर यायला ठाम नकार दिला. शब्द दिलाय म्हणाले. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, खड्डा नसलेल्या जॉइंटरसारखे. माझ्याकडे तयार झालेल्या सहा कव्हरांचं गाठोडं होतं. म्हटलं, काका, एवढं रुग्णालयात पोचवाल का?

पाच वाजता ते परत आले, सहाच्या सहा कव्हरं घेऊन.

मला वाटलं, सिस्टरला पसंत पडली नाहीत. तसं नव्हतं. काका तासभर वॉर्डच्या काचेशी उभे राहिले होते आणि त्यांनी मोजलं होतं. त्या तासात सिस्टरने एका पेटीवर घालून बघितलेलं आमचं कव्हर अकरा वेळा उचललं. औषध द्यायला, नळी बघायला, बाळाला कूस बदलवायला. पेटीला दोन्ही बाजूंनी हात घालायच्या गोल खिडक्या असतात आणि टोकाशी नळ्या नि तारा बाहेर येतात. आमच्या कव्हरांनी ते सगळंच झाकून टाकलं होतं. दर वेळी कव्हर वर जाई आणि सगळा उजेड बाळावर. काकांनी कागदावर आकृती काढून आणली होती. दोन बाजूंना दोन-दोन झडपा, टोकाशी दोन लांब काजं, तारा बाहेर यायला. एका कव्हरला सहा ठिकाणी कापायचं, सगळ्या कडा काजाच्या टाक्याने घट्ट करायच्या.

मी कागद घेऊन वर गेले. बाईंचा चेहरा उतरला. एक झडप सरळ हत्तीच्या पोटातून जात होती आणि हत्तीला बाईंनी पाच आठवडे दिले होते. त्या म्हणाल्या, खाली विचार, चार इंच सरकवता येईल का. मी खाली गेले. काका म्हणाले, खिडकी सरकत नाही. मी वर गेले. बाई म्हणाल्या, मग हत्तीची पेटी वेगळ्या कंपनीची बघा म्हणावं. मी खाली गेले. असं चार वेळा झालं. काका जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढायला तयार नाहीत, आणि बाई उतरतील कशाला. पाचव्या खेपेला माझी दमछाक बघून काकू उठल्या, जिन्याच्या वरच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली काका वर बघत होते. काकू बाईंकडे वळून म्हणाल्या, “बाई, कापा. ते म्हणतात ते बरोबर असतं. त्याचाच तर त्रास आहे.”

बाईंनी हत्तीचं पोट स्वतःच्या हाताने कापलं. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

बारा कव्हरांची बहात्तर कापं, आणि वरच्या सगळ्याजणी चित्रांत गुंतलेल्या. म्हणून ते काम काकांनी घेतलं. घरी न्यायचं तर पुन्हा काकूंच्या डोळ्यांसमोर, म्हणून ते गुरुवारी तीन ते पाच वाचनकक्षात बसून करायला लागले. आमच्या वाचनकक्षात रोजचे दोन मानकरी आहेत. एक कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, दुसरे बेकरीवाले आजोबा. शिरस्तेदारांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली की वाचनकक्षात वाचनाखेरीज अन्य व्यवसाय करता येत नाही. मी नियमावली काढली. त्यात आवाज करू नये, झोपू नये, पानं फाडू नयेत असं होतं, शिवू नये असं नव्हतं. आणि झोपण्याच्या कलमाचं पाहिलं तर आजोबांचं सभासदत्व केव्हाच जायला हवं होतं. शिरस्तेदार गप्प बसले.

दुसऱ्या गुरुवारी आजोबा झोपायचं सोडून काकांचा हात बघत बसले. त्यांनी आयुष्यभर केकवर नक्षी काढली होती. म्हणाले, तुमची कड कोपऱ्यात आवळते, तिथे टाके जवळ घ्या. तिसऱ्या गुरुवारी आजोबांच्याही हातात सुई होती. चौथ्या गुरुवारी शिरस्तेदार मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते, कारण या दोघांचे हात गुंतलेले आणि बातम्या तर कळायला हव्यात. म्हणजे आवाज न करण्याचं कलम कोर्टाच्या माणसानेच मोडलं. मी कानाडोळा केला.

त्या चौथ्या गुरुवारी वरून हसण्याचा गदारोळ झाला. छत हलल्यासारखं वाटलं. शिरस्तेदार अग्रलेखाच्या मध्यावर थांबले. काकांनी सुई थांबवली आणि वर पाहिलं. मी पटकन रजिस्टरमध्ये डोकं घातलं. वर काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. काकूंनी नवीन नक्कल बसवली होती, ‘आमचे हे वाचनकक्षात’, त्यात शिरस्तेदारही होते.

काका म्हणाले, “माझीच चाललीय ना?”

मी रजिस्टरचं पान उलटलं.

“बरी करते का?”

मी म्हटलं, काका, हुबेहूब. ते मान डोलावून पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, तिला सांग, अलीकडे मी एकदाच खाकरतो. मी हा निरोप वर पोचवला नाही. काही गोष्टी होत्या तशाच बऱ्या.

बारा कव्हरं पुरी झाली तेव्हा सिस्टरने चौघांनाच यायला सांगितलं, वॉर्डात गर्दी नको म्हणून. बाई, काकू, काका आणि मी गेलो. आत जायचं नव्हतंच, बाहेरच्या काचेशी उभं राहायचं. आत पेट्या होत्या, एकेकीवर आमचं काम. आगबोट, मासा, पोट शिवलेला हत्ती. इतक्या लांबून टाक्यांच्या चुका दिसत नव्हत्या, म्हणून माझी छत्रीसुद्धा बरी दिसत होती.

काचेशी एक मुलगी उभी होती, अंगात रुग्णालयाचा झगा, पायात वेगवेगळ्या चपला. काकूंनी विचारलं, तुझं कुठलं? ती म्हणाली, पोपट. आठ दिवसांचं आहे, नऊशे ग्रॅम. काकू काचेजवळ सरकून पोपटाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात सिस्टरने त्या मुलीला आत बोलावलं. तिने हात धुतले, पोपटाच्या बाजूची झडप उचलली, खिडकीतून हात कोपरापर्यंत आत घातला आणि तशीच उभी राहिली. कव्हर हललं नाही. आत काय चाललं होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

बाहेर आल्यावर ती आम्हाला म्हणाली, कालपर्यंत मला असा हात लावू देत नव्हते. सारखं चादर उचलावी लागते म्हणून. आज त्याने माझं बोट धरलं.

बाईंनी तिला सांगितलं की पोपट या काकूंनी भरलाय. काकू म्हणाल्या, पोपट माझा, पण झडप यांची. मुलीने काकांकडे पाहिलं. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीचं मुळात काय आहे ते सांगता येईना. ते काचेला लागलेला एक डाग पुसत राहिले. डाग आतल्या बाजूने होता.

परत येताना स्कूटर पंक्चर झालेली निघाली, म्हणून दोघं चालत गेली. मी आणि बाई मागून येत होतो. काकूंचा गुडघा खरोखरच दुखायला लागला होता, पण काकांनी त्याबद्दल काहीही सुचवलं नाही, नुसता हात पुढे केला.

पाटीवरचा ‘महिला’ शब्द बाईंनी स्वतः रंग लावून पुसला. वरची खोली मात्र अजून बायकांचीच आहे. खालच्या टेबलावर काका, आजोबा आणि शिरस्तेदार बसतात, आणि हजेरीपटात मी त्यांना ‘तळमजला’ असं वेगळं पान दिलं आहे.

सिस्टरने आता आणखी बारा कव्हरं मागितली आहेत, कारण पहिली धुवायला टाकली की पेट्या उघड्या पडतात. चित्रं ठरवायला परवा आम्ही सगळे जिन्यातच जमलो, बायका वरच्या पायऱ्यांवर, तळमजला खालच्या. आजोबांना केक हवा होता, शिरस्तेदारांना बुद्धिबळाचा घोडा. काकू म्हणाल्या, बेडूक घ्या, मुलांना आवडतो. काका म्हणाले, बेडूकच बरोबर आहे, हिरव्याचे सगळे धागे शिल्लक आहेत. मग मतं घेतली. बेडकाला दोन मतं पडली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यात नवरा-बायको पहिल्यांदाच एका बाजूला आली, आणि दोघं मिळून हरली.